सरकत्या स्वयंचलित दरवाजाचे सुरक्षा सेन्सर : निवड, बसवणी, चाचणी आणि देखभाल

रुग्णालये, बँका, सराफी पेढ्या, मॉल आणि मोठ्या निवासी संकुलांच्या प्रवेशद्वारांवर काचेचे सरकते स्वयंचलित दरवाजे आता सर्वत्र दिसतात. दरवाजा बसवताना काचेची जाडी, पल्ल्यांचा वेग, मोटरची कंपनी आणि किंमत यांवर बरीच चर्चा होते. सुरक्षा सेन्सरचा विषय मात्र कोटेशनमधील एका ओळीत संपतो. प्रत्यक्षात काठी टेकत सावकाश चालणारे आजोबा, उंबऱ्यात बसकण मारणारे लहान मूल, व्हीलचेअरवरील रुग्ण आणि स्ट्रेचर ढकलणारे कर्मचारी या सर्वांची सुरक्षितता त्या एका ओळीवर अवलंबून असते. इमारतीची व्यवस्था पाहणारे अधिकारी, संकुलांच्या कार्यकारिणीचे सदस्य आणि या कामात नव्याने आलेले टेक्निशियन यांना दरवाजासमोर उभे राहून वापरता यावा, अशा बेताने हा लेख लिहिला आहे.

आधी दोन कामे वेगळी करा

दरवाजावर दोन वेगवेगळ्या कामांसाठी सेन्सर लागतात. माणूस येत असल्याचे ओळखून दरवाजा उघडायला सांगणे हे पहिले काम, आणि पल्ल्यांच्या वाटेत कोणी असेपर्यंत त्यांना बंद होऊ न देणे हे दुसरे. पहिले काम बहुधा रडार सेन्सर करतो. तो २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारितेतील बदलावरून हालचाल ओळखतो. वस्तू हललीच नाही तर त्याच्या दृष्टीने तेथे काहीही नसते. म्हणून उंबऱ्यात थांबून फोनवर बोलणारा माणूस रडारला दिसत नाही.

दुसऱ्या कामासाठी उपस्थिती ओळखणारा सेन्सर लागतो. तो इन्फ्रारेड किरणांचे अनेक ठिपके जमिनीवर टाकून दरवाजाच्या रेषेलगत एक अदृश्य पडदा तयार करतो आणि परत येणाऱ्या किरणांत बदल झाला की तेथे काहीतरी आहे असे मानतो. ती वस्तू स्थिर असली तरीही. हल्ली बहुतेक चांगल्या कंपन्या ही दोन्ही तंत्रे एकाच खोक्यात देतात. बाहेरून पाहून तो साधा रडार आहे की दुहेरी सेन्सर, हे सांगता येत नाही. म्हणून मॉडेल क्रमांक पाहून माहितीपत्रक मागवावे. ‘जवळ गेल्यावर दार उघडते, म्हणजे सेन्सर चालू आहे’ ही समजूत सर्वांत धोक्याची आहे, कारण त्यातून केवळ पहिले काम चालू असल्याचे सिद्ध होते.

या फरकाची किंमत जगाने मोजलेली आहे. २६ मार्च २००४ रोजी टोकियोतील रोप्पोंगी हिल्स संकुलात एका मोठ्या स्वयंचलित फिरत्या दरवाजात डोके अडकून सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्या दरवाजाला सेन्सर होते. परंतु दरवाजा विनाकारण थांबतो म्हणून सेन्सरचे क्षेत्र बदलण्यात आले होते आणि लहान मुलाच्या उंचीला एक आंधळा पट्टा शिल्लक राहिला होता. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, जपानने स्वयंचलित फिरत्या दरवाजांसाठी स्वतंत्र मानक आणले. तो दरवाजा फिरता होता आणि आपला विषय सरकत्या दरवाजाचा आहे, पण चूक तीच आहे आणि ती आपल्याकडे सर्रास होते. त्रास होतो म्हणून सेन्सरची नजर कमी करणे, ही ती चूक. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीपासून दूर राहण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : धोक्याच्या जागा कागदावर काढा

सेन्सर निवडण्यापूर्वी दरवाजाचा वरून दिसणारा नकाशा काढावा आणि शरीराचा कोणता भाग कोठे सापडू शकतो, हे त्यावर खुणेने दाखवावे. दोन पल्ले जेथे मिळतात ती मधली रेषा ही सर्वांना दिसणारी जागा. तिच्याइतकीच महत्त्वाची, पण नेहमी विसरली जाणारी जागा मागच्या बाजूला असते. दरवाजा उघडताना पल्ल्याची मागची कड भिंतीकडे किंवा खांबाकडे सरकते आणि तेथे टेकून उभे असलेले मूल त्या फटीत दाबले जाऊ शकते. पल्ला पूर्ण उघडल्यावर त्याची मागची कड आणि भिंत यांच्यात किमान २०० मिलिमीटर मोकळी जागा राहिली, तर डोके सापडण्याचा धोका टळतो. तेवढी जागा नसेल तर त्या बाजूला स्थिर आडपडदा लावणे किंवा स्वतंत्र सेन्सर देणे भाग आहे. बोटांसाठी हिशेब वेगळा आहे. सरकता पल्ला आणि स्थिर काच यांच्यातील फट ८ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असावी. मधल्या मापाच्या फटीत बोट आत जाते आणि अडकते.

याच नकाशावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही नोंद करावी. बालरोग रुग्णालय, वृद्धांची वर्दळ असलेली बँक आणि केवळ कर्मचाऱ्यांसाठीचे कार्यालय या तिन्ही ठिकाणी एकच मांडणी चालणार नाही.

दुसरी पायरी : सेन्सरची निवड

दोन पल्ल्यांच्या नेहमीच्या दरवाजासाठी आतून एक आणि बाहेरून एक असे दोन दुहेरी सेन्सर ही किमान गरज समजावी. एकाच बाजूला उपस्थितीचा पडदा असेल तर दुसरी बाजू उघडी पडते. काही ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी दोन्हीकडे साधे रडार आणि चौकटीत एक फोटोसेल, म्हणजे समोर जाणारा किरण अडला की संदेश देणारा सेन्सर, बसवतात. फोटोसेल उपयुक्त आहे, मात्र तो केवळ एक रेषा पाहतो. किरण गुडघ्याच्या उंचीवर असेल तर त्याच्याखाली पडलेले मूल किंवा व्हीलचेअरची पायटेकणी त्याला दिसत नाही. जुन्या दरवाजाला फोटोसेलच असतील, तर ते काढण्याऐवजी जोडीला पडदा देणारा सेन्सर बसवावा.

शरीराची उष्णता टिपणारे पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर स्वस्त मिळतात आणि दिवे चालू-बंद करण्यासाठी चांगले असतात. दरवाजाच्या सुरक्षेसाठी मात्र ते घेऊ नयेत. माणूस आणि त्याच्यामागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरकावर ते चालतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात बाहेरची फरशी आणि भिंत शरीराइतकी किंवा त्याहून जास्त तापलेली असते, तेव्हा हा फरक भरवशाचा राहत नाही.

मागच्या कडेसाठी अरुंद पट्टा पाहणारा वेगळा इन्फ्रारेड सेन्सर मिळतो. तो कार्यान्वित झाला की उघडणारा पल्ला थांबतो किंवा अगदी मंद होतो. खर्च कमी करताना सर्वांत आधी हाच सेन्सर वगळला जातो. माझ्या मते, जेथे मुले येतात तेथे तो वगळण्याचा विचारही करू नये.

मोटर चालवणाऱ्या ऑपरेटरमध्ये, म्हणजे पल्ले सरकवणाऱ्या यंत्रणेत, अडथळा ओळखण्याची सोय असते. पल्ला कशावर आदळला की विद्युतप्रवाह वाढतो आणि पल्ला मागे फिरतो. विक्रेते पुष्कळदा हीच सोय ‘सेफ्टी सेन्सर’ म्हणून सांगतात. ती स्पर्श झाल्यानंतर काम करते, म्हणून तिला शेवटचा आधार मानावे. अमेरिकी मानकानुसार पूर्ण शक्तीचा सरकता पल्ला बंद होताना थांबवण्यासाठी लागणारे बल १३३ न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो वजनाइतक्या जोरापेक्षा, जास्त नसावे. निरोगी प्रौढाला हे चालून जाते. ठिसूळ हाडांच्या आजीबाईंना तो धक्का पाडायला पुरेसा आहे.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला दोन मानकांविषयी लेखी विचारणा करावी. युरोपातील ईएन १६००५ आणि अमेरिकेतील एएनएसआय/बीएचएमए ए१५६.१० ही ती मानके होत. आयात होणारे बहुतेक ऑपरेटर आणि सेन्सर यांपैकी एकावर बेतलेले असतात. ‘इम्पोर्टेड माल आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही. प्रमाणपत्रावर सेन्सरचा मॉडेल क्रमांक असला पाहिजे.

तिसरी पायरी : बसवणी

सेन्सर दरवाजाच्या वरच्या हेडरवर, म्हणजे पल्ल्यांच्या वरच्या झाकणबंद आडव्या भागावर, उघडणाऱ्या जागेच्या बरोबर मध्यावर, साधारण २ ते ३ मीटर उंचीवर बसवतात. नेमकी कमाल उंची माहितीपत्रकात दिलेली असते आणि ती ओलांडली की खालचा भाग विरळ दिसू लागतो. हेडर हलता कामा नये. जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर बसवलेला सेन्सर ए.सी. सुरू झाला की थरथरतो आणि मग दरवाजा स्वतःहून उघडत राहतो.

इन्फ्रारेड पडद्याचा कोन असा ठेवावा की तो पल्ल्यांच्या शक्य तितक्या जवळून जाईल, पण सरकता पल्ला त्यात येणार नाही. त्याची रुंदी पूर्ण उघडलेल्या दरवाजाएवढी हवी. दोन्ही टोकांचे १०-१५ सेंटिमीटर सुटले, तर नेमका चौकटीला धरून चालणारा वृद्ध माणूस त्या आंधळ्या भागात येतो.

रडारची पोच किती ठेवावी, याचा हिशेब सोपा आहे. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो. एका माणसाला जाण्यासाठी ९० सेंटिमीटर वाट हवी असेल, तर प्रत्येक पल्ल्याला ४५ सेंटिमीटर सरकावे लागते आणि सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने त्यासाठी ०.९ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात माणूस १ मीटरहून थोडा अधिक पुढे येतो. ओळखण्याचा आणि मोटर सुरू होण्याचा विलंब धरला, तर दरवाजासमोर किमान दीड मीटर अंतरापासून हालचाल टिपली गेली पाहिजे. स्ट्रेचर किंवा ट्रॉली जाणार असेल तर त्याहून अधिक अंतर ठेवावे.

वातानुकूलनाची बचत म्हणून अनेक ठिकाणी रडार ‘एकदिशा’ पद्धतीवर ठेवतात. मग तो दरवाजाकडे येणाऱ्यांनाच मोजतो आणि दूर जाणाऱ्यांकडे दुर्लक्ष करतो. ही सोय वापरण्यास हरकत नाही, परंतु दरवाजा ओलांडताना मध्येच रेंगाळणाऱ्याला रडारचे संरक्षण मुळीच राहत नाही. त्यामुळे उपस्थितीचा पडदा नसलेल्या दरवाजावर ती चालू करू नये.

चौथी पायरी : वायरिंग

येथे झालेली चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून मालकाने या टप्प्यावर स्वतः हजर राहावे असे मी आग्रहाने सांगेन. दुहेरी सेन्सरमधून दोन स्वतंत्र संदेश बाहेर पडतात, एक उघडण्याचा आणि एक सुरक्षेचा. सुरक्षेचा संदेश कंट्रोलरच्या (दरवाजाचे नियंत्रण करणाऱ्या सर्किटच्या) सुरक्षा टर्मिनलवरच, म्हणजे त्यासाठीच्या वायर जोडण्याच्या जागीच, गेला पाहिजे. घाईत दोन्ही वायरी उघडण्याच्या टर्मिनलवर एकत्र जोडल्या जातात. दिवसा त्याने काही बिघडत नाही. रात्री मात्र ‘केवळ बाहेर जाण्यासाठी’ अशी स्थिती निवडली की कंट्रोलर बाहेरच्या सेन्सरचा उघडण्याचा संदेश ऐकणे थांबवतो आणि त्याबरोबर बाहेरच्या बाजूची सुरक्षाही नाहीशी होते.

सुरक्षेचा संपर्क नेहमी जोडलेल्या अवस्थेत राहणारा, म्हणजे ‘नॉर्मली क्लोज्ड’ असावा. वायर उंदराने कुरतडली किंवा स्क्रू ढिला झाला, तर संपर्क तुटतो आणि कंट्रोलर त्याला अडथळा समजून दरवाजा बंद होऊ देत नाही. उलट पद्धतीत वायर तुटली तरी दरवाजा बिनदिक्कत बंद होत राहतो आणि कोणालाही पत्ता लागत नाही. याखेरीज सेन्सरला चाचणीची एक वेगळी वायर असते. दरवाजा बंद करण्यापूर्वी कंट्रोलर तिच्यातून सेन्सरला विचारणा करतो आणि योग्य उत्तर न मिळाल्यास पल्ले बंद करत नाही किंवा अगदी मंद गतीने बंद करतो. ही वायर जोडून कंट्रोलरमधील संबंधित सेटिंग चालू केले, तरच तिचा उपयोग होतो.

सेन्सर बिघडला की दरवाजा उघडा राहतो, ए.सी. वाया जातो, व्यवस्थापक फोन करतो आणि टेक्निशियन सुरक्षा टर्मिनलवर लूप मारून, म्हणजे सेन्सर वगळून टर्मिनल वायरच्या तुकड्याने थेट जोडून, निघून जातो. दरवाजा पुन्हा छान चालू लागतो. असा लूप म्हणजे सुरक्षा कायमची काढून टाकणे आहे. हेडरचे झाकण उघडून सुरक्षा टर्मिनलवर लहानसा वायरचा तुकडा थेट जोडलेला तर नाही ना, हे दर देखभालीच्या वेळी पाहावे.

पाचवी पायरी : सेन्सरला परिसर शिकू द्या

वीज सुरू झाल्यावर इन्फ्रारेड सेन्सर काही सेकंद समोरची रिकामी जमीन पाहतो आणि तिलाच सामान्य स्थिती मानतो. त्या वेळी समोर शिडी, बादली किंवा माणूस असेल, तर तोही सेन्सरच्या लेखी जमिनीचा भाग ठरतो. म्हणून बसवणीनंतर, आणि भारनियमन संपून वीज परत आल्यावरही, जागा मोकळी ठेवण्याची सवय सुरक्षारक्षकाला लावावी. एखादी वस्तू पडद्यात दीर्घकाळ स्थिर राहिली तर सेन्सर काही वेळाने तिला जमिनीचा भाग समजतो. ही मुदत बदलता येते. रुग्णालयात ती जास्तीत जास्त ठेवावी, कारण तेथे व्हीलचेअर उंबऱ्यातच थांबवून नातेवाइकांची वाट पाहिली जाते.

सहावी पायरी : ठोकळ्याने चाचणी

युरोपीय मानकांत चाचणीसाठी ७०० × ३०० × २०० मिलिमीटर मापाचा ठोकळा वापरतात. लहान मुलाच्या शरीराचा तो ढोबळ प्रतिनिधी आहे. आपल्याकडे जाड पुठ्ठ्याची त्याच मापाची पेटी तयार करता येते. तिच्या काही बाजूंना काळा, चमक नसलेला कागद आणि उरलेल्या बाजूंना पांढरा कागद लावावा. काळ्या पृष्ठावरून इन्फ्रारेड किरण कमी परततात. पांढऱ्या शर्टातील टेक्निशियनला ओळखणारा सेन्सर काळी साडी किंवा बुरखा परिधान केलेल्या स्त्रीला ओळखेल, याची खात्री काळ्या बाजूनेच होते.

दरवाजा उघडल्यावर पेटी लांब काठीने उंबऱ्यात सरकवावी आणि आपण रडारच्या क्षेत्राबाहेर जावे. आपण जवळ हलत राहिलो तर रडार दरवाजा उघडा ठेवतो आणि चाचणी खोटी ठरते. पेटी मध्यभागी, डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, रेषेच्या किंचित आत आणि किंचित बाहेर, प्रत्येक जागी उभी आणि आडवी ठेवून पाहावी. सेन्सरची स्मृतीमुदत (स्थिर वस्तूला जमिनीचा भाग मानण्याआधीची वेळ) संपेपर्यंत एकाही जागी पल्ले पेटीकडे सरकता कामा नयेत. त्यानंतर पल्ले बंद होत असताना पेटी आत ढकलावी. स्पर्श होण्याआधी ते परत फिरले पाहिजेत. हात, पाय किंवा मूल उभे करून चाचणी कधीही घेऊ नये.

पेटीची चाचणी पार पडली की माणसांची घ्यावी. वॉकर घेऊन अत्यंत सावकाश चालावे, उंबऱ्यात अर्धा मिनिट अगदी स्तब्ध उभे राहावे, व्हीलचेअर तिरकी आणावी. स्ट्रेचरचे पुढचे टोक आत आणि ढकलणारा बाहेर असताना पल्ले काय करतात, हे मुद्दाम पाहावे. वाट मोकळी झाल्यावर पल्ले किमान दीड सेकंद तरी उघडे राहावेत. वृद्धांची वर्दळ असेल तर ही वेळ वाढवावी.

विनाकारण उघडणारा किंवा अडकणारा दरवाजा

बहुतेक सुरक्षा येथेच गमावली जाते, म्हणून थोडे थांबून पाहू. दरवाजा उगाच उघडतो किंवा बंदच होत नाही अशी तक्रार आली की सेन्सरची संवेदनशीलता कमी करण्याकडे सर्वांचा कल असतो. प्रथम शोधावे ते कारण.

गणपती-दिवाळीत तक्रारी वाढल्या तर तोरण पाहावे. सेन्सरसमोर लोंबणारी झेंडूची माळ पंख्याच्या वाऱ्याने हलते आणि रडारला ती माणसासारखीच दिसते. पताका, फुगे, मखराची झालर यांचेही तसेच. तोरण हेडरच्या वर, सेन्सरच्या क्षेत्राबाहेर बांधावे. ट्यूबलाइट रडारच्या अगदी जवळ असेल तर तिच्यातील वायूमुळे खोटे संदेश मिळतात, त्यामुळे ती हलवावी किंवा एलईडी लावावी. शेजारच्या दुकानाचे लोखंडी शटर धडधडत असेल तर रडारचा कोन त्याच्यापासून वळवावा. दरवाजा बंद होताच पुन्हा उघडतो आणि हे चक्र थांबतच नाही, तेव्हा रडार स्वतःच्याच पल्ल्यांची हालचाल पाहत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी रडारचा कोन किंचित पुढे न्यावा आणि इन्फ्रारेड पडद्याला हात लावू नये.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी आहे. बाहेरच्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर पाणी साचले की परतणारे किरण बदलतात, आणि सेन्सरवर थेट पाऊस आला तर थेंबांचीच नोंद होते. यावर सेन्सरला पावसाळी टोपी लावणे, वर छज्जा देणे आणि फरशीचा उतार सुधारणे हे खरे उपाय आहेत. पायपुसण्याचा काळा रबरी गालिचा रोज थोडा थोडा सरकतो आणि त्याची वळलेली कड पडद्यात येते. तो फरशीत खाच करून बसवावा आणि नंतर सेन्सरला परिसर पुन्हा शिकवावा. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात, तर कोळ्याचे जाळे आणि धूळ यांनी लेन्स झाकली जाणे सगळीकडेच घडते. लेन्स मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावी. तिच्यावर काच साफ करण्याचा स्प्रे मारू नये आणि रंगकाम संपल्यावर चिकटपट्टी काढली आहे ना, हे पाहावे.

ही सर्व कारणे तपासूनही संवेदनशीलता बदलावीच लागली, तर त्यानंतर पेटीची संपूर्ण चाचणी पुन्हा घ्यावी. तिच्यात एक जागा जरी चुकली, तरी तो बदल मागे घ्यावा.

वीज जाणे आणि आग

बॅटरी बॅकअप असलेल्या दरवाजाची मुख्य वीज बंद करून पाहावे. बॅटरीवर चालतानाही सुरक्षा सेन्सर काम करत असले पाहिजेत. केवळ मोटर चालते एवढ्यावर समाधान मानू नये. आगीची सूचना मिळताच दरवाजा उघडून तसाच राहिला पाहिजे. पल्ले बाहेर ढकलून उघडण्याची सोय असेल, तर ते ढकलल्यावर मोटर थांबते का हेही पाहावे.

संकुलाचे मोटर असलेले फाटक

सरकत्या लोखंडी फाटकाचे वजन काचेच्या पल्ल्याच्या अनेक पट असते, त्यामुळे एका फोटोसेलवर ते सोडू नये. दोन्ही बाजूंना फोटोसेल, फाटकाच्या कडेला दाबताच थांबवणारी रबरी सुरक्षापट्टी आणि रुळाच्या दोन्ही टोकांना मजबूत लोखंडी थांबे असावेत. थांबा तुटला की फाटक रुळावरून सुटून आडवे पडू शकते, आणि तेथे कोणताही सेन्सर उपयोगाचा नाही. म्हणून थांब्यांची वेल्डिंग दर महिन्याला पाहावी.

रोजची तपासणी

सकाळी दरवाजा सुरू करताना सुरक्षारक्षकाने आतून आणि बाहेरून सामान्य वेगाने चालत यावे, मग उंबऱ्यात पेटी ठेवून दूर जावे आणि पल्ले थांबलेले राहतात का ते पाहावे. दोन-तीन मिनिटांचे हे काम रजिस्टरमध्ये तारीख आणि सहीसह नोंदवावे. अमेरिकेतील दरवाजा उत्पादकांची संघटनाही मालकाने रोज तपासणी करावी असेच सांगते. प्रशिक्षित टेक्निशियनकडून वर्षातून किमान एकदा, आणि गर्दीच्या रुग्णालयात दर तीन महिन्यांनी, पूर्ण तपासणी करून घ्यावी. वार्षिक देखभालीच्या करारात ‘सुरक्षा सेन्सरची ठोकळ्याने चाचणी आणि सेटिंगची लेखी नोंद’ हे शब्द असावेत. नुसते ‘सर्व्हिसिंग’ लिहिले असेल, तर रुळाला तेल देऊन काम संपते.

तपासणीत सेन्सर नापास झाला, तर दरवाजाची स्थिती निवडणारा प्रोग्राम स्विच ‘उघडा’ या स्थितीवर ठेवून पल्ले पूर्ण उघडल्यावर मोटरची वीज आणि बॅटरी दोन्ही बंद करावीत. दरवाजावर फलक लावावा आणि रात्री तो बंद करायचा असल्यास माणसाने हाताने सरकवावा. ए.सी.चा खर्च वाढतो म्हणून दुरुस्तीपूर्वी स्वयंचलित स्थिती पुन्हा सुरू करण्याचा आदेश कोणीही देऊ नये. टेक्निशियनने काम पूर्ण झाल्याचे सांगितले की त्याच्यासमोर पेटीची चाचणी सर्व जागांवर घ्यावी, बदललेली सेटिंग रजिस्टरमध्ये त्याच्याकडून लिहून घ्यावीत आणि मगच स्विच ‘ऑटो’वर आणावा.